रेषेवर

“आधी विचारायचं, खेळणार कुणाबरोबर? मगच खोकं खाली काढायचं.” दुकानाच्या जुन्या मालकांनी कामाच्या पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं. एकट्याने खेळणाऱ्याला व्हिडिओ गेमचं कुठलंही यंत्र चालतं. लांबच्या माणसाशी ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक खेळांना दोघांकडे एकाच कंपनीचं लागतं.

मालक गेले. विचारण्याची सवयही हळूहळू सुटली.

आज काउंटरपुढे तेच निवृत्त शिंपीकाका उभे होते, गेल्या महिन्यात काळं यंत्र घेऊन गेलेले. तक्रार करायला आले असते तर बरं झालं असतं. पण ते ओशाळून हसत होते.

“ताई, माझंच काहीतरी चुकतंय बघा. दादा, माझा थोरला भाऊ, तिकडे पडद्यावर शर्यतीची गाडी घेऊन रेषेवर उभा असतो, मी इकडे. फोनवर म्हणतो, ‘अरे, दिसत नाहीस, आहेस कुठे?’ मी म्हणतो, ‘रेषेवरच आहे की.’”

“मग?”

“मग काय, फोनवरच एक-दोन-तीन म्हणतो आणि सुटतो. तो त्याच्या पडद्यावर, मी माझ्या. वळण आलं की ओरडून सांगायचं. रोज तोच जिंकतो. लबाड आहे लहानपणापासून. अंथरुणाला खिळलाय हो. हात तेवढे चालतात.”

यंत्र नेलं त्या दिवशी काकांनी आपण होऊन सांगितलं होतं, दादाकडे पांढरं आहे. पांढरं दुकानात शिल्लक नव्हतं. ऑनलाइनचं सगळेच विचारतात, घरी नेल्यावर खेळतं कोण, असं मनाशी म्हणत ती बोलून गेली होती, “सगळी सारखीच असतात, काका.”

“तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “काळं आणि पांढरं वेगवेगळ्या कंपन्यांचं, या खेळात जुळत नाही. मला माहीत होतं.”

काकांनीच तिची बाजू सावरली. “असू दे हो. गर्दीत राहून जातं एखाद्या वेळी.”

त्या दिवशी दुकानात चिटपाखरू नव्हतं. तिला मान वर करवेना.

“उद्या माझी सुट्टी आहे. पांढरं घेऊन मीच घरी येते, जोडूनही देते. दादांना सांगून ठेवा.”

काका गेल्यावर शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण म्हणाली, “उघडलेलं यंत्र दुकान परत घेत नाही, विसरलीस? काळ्याचं काय करणार?”

“माझ्या घरी ठेवीन.”

“आणि खेळणार कोण, सासूबाई?”

पांढरं आहे का विचारायला तिने दुकानाच्या दुसऱ्या शाखेला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी देवापुढे हात जोडताना काही मागावं असं तिला वाटलं नाही. त्या शाखेतून तिने स्वतःच्या पैशांनी पांढरं यंत्र घेतलं आणि बस पकडली. शेजारची जागा रिकामी होती. तरीही खोकं तिने मांडीवरच धरलं, दोन्ही हातांनी.