वहिनींमार्फत

"जोड्या करा," बाई म्हणाल्या आणि वर्गातली बाकं सरकली. पोरं पटापट एकमेकांकडे वळली. शेवटच्या बाकावरचे काका तेवढे एकटे उरले.

काका म्हणजे इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावरचे ऑपरेटर. दिवसभर याचा फोन त्याला जोडून द्यायचा आणि संध्याकाळी कॉलेज गाठायचं. अर्धवट राहिलेली पदवी निवृत्तीआधी पुरी करायची, एवढीच हौस. मुख्य विषय वाणिज्य. जोडविषय, ज्याला पोरं मायनर म्हणत, संवादशास्त्र. तोही काही आवडीने घेतलेला नव्हता; संध्याकाळच्या वेळेत दुसरा मिळतच नव्हता.

"काका, तुम्ही घरी करा," बाई म्हणाल्या. "जवळच्या माणसाला मनापासून एक प्रश्न विचारायचा. थेट, डोळ्यांत बघून. मध्ये कुणी नको. मग गप्प बसून ऐकायचं आणि पुढच्या तासाला इथे सांगायचं."

"घरी कोण असतं, काका?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"थोरला भाऊ."

"मग सोपंय की!"

काका हसले. अवघड गोष्ट हसण्यावारी नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सोपं कुठलं! आईच्या शेवटच्या आजारपणात तिला कुठल्या दवाखान्यात न्यायचं यावरून दोघा भावांचं बिनसलं, ते बिनसलंच. घर एक, जेवायचं टेबल एक, पण बोलणं बंद. सगळा कारभार वहिनींमार्फत. "वहिनी, दादाला सांगा, नळ गळतोय." "त्याला सांग, मला डोळे आहेत." समोरासमोर बसलेल्या दोघांनाही सगळं ऐकू येई. तरी वहिनी प्रत्येक निरोप पुन्हा उच्चारत, आणि उच्चारताना त्यातली धार काढून टाकत. "बघतो म्हणतायत हं." कित्येक वर्षं घर असं चाललं आणि खरं सांगायचं तर बरं चाललं.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. मूळचा राग तर केव्हाच विरला होता, पण आता बोलायला सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही कळेना. घरात भांड्यांचा आवाज, बाकी शुकशुकाट. दादा दिवसेंदिवस आटत चालला होता. अर्धं जेवण टाकून उठायचा. काकांनी त्याची धास्तीच घेतली होती. हा असाच एक दिवस निघून जाईल आणि याला काय होत होतं ते आपल्याला कधी कळणारच नाही, असं त्यांना सारखं वाटे.

रविवारी दुपारी जेवताना त्यांनी धीर केला. घसा खाकरला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे डोळ्यांत बघितलं.

"दादा, बरा आहेस ना?"

दादाचा चमचा तोंडाशीच थांबला. अनोळखी माणसाने रस्त्यात अडवावं तसा तो गोंधळला. मग त्याने मान वळवली, वहिनींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाला, "सांग त्याला. बरा आहे."

वर्गात शिकलेलं सगळं बाजूला राहिलं. काकांनीही तोंड खुर्चीकडे केलं.

"वहिनी, विचारा त्याला, मग जेवत का नाही?"

"त्याला म्हणावं, चव लागत नाही."

"आणि झोप?"

दादाने चमचा ताटात ठेवला. "झोपेत तुझ्या बाजूला हात जातो," तो खुर्चीला म्हणाला. "मग जाग येते ती येतेच. हे त्याला नको सांगू."

काकांनी ऐकूच न आल्यासारखं केलं. त्या घराची रीतच तशी होती.

पुढच्या तासाला बाईंनी विचारलं, "काका, बोललात का भावाशी?"

"थेट नाही जमलं, बाई. वहिनीशी बोललो."

"अरे वा, तेही चांगलंच. मग, काय म्हणाल्या?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ते कुणाला सांगायचं नाहीये," ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या जोडीला बोलावलं.