अठरा मिलिमीटर

दामोदरांनी पोलादी पट्टी आधी ‘एच’च्या डोक्यावर टेकवली, मग ‘ओ’च्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘ओ’ अठरा मिलिमीटर वर गेला होता. खालीही तितकाच उतरला होता.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पाट्यांची अक्षरं कापून देणाऱ्या सुधींद्रच्या शेडमध्ये अॅल्युमिनियमची चार-चार फुटी पाच इंग्रजी अक्षरं आडवी पडली होती. ‘होन्ना’ बेकरीची पाटी. जाडजूड, ऐसपैस, कोपरे गोलावलेली, पोटभर जेवून बसल्यासारखी अक्षरं. त्यांचं वळण गौरीचं, दामोदरांच्या लेकीचं. दोन वर्षं ती या अक्षरांमागे लागली होती, आणि आज चार वाजता बेकरीवाले ती बघायला येणार होते. पसंत पडली तर हेब्बाळच्या दुकानावर चढणार, नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

दामोदरांनी सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासला होता. चुकलेल्या जॉबवर लाल खडूने फुली मारताना साहेबाचीही भीड ठेवली नव्हती. ही तर पोटची पोर. तिची चूक चारचौघांत कशी जाऊ द्यायची?

“सुधींद्र, हा ‘ओ’ बाकीच्यांच्या बरोबरीने नवा काप. गौरीला काही बोलू नको.”

“सर, गौरीअक्कांची फाइल अशीच आहे.”

“स्वल्प चुकलं असेल तिचं.”

“सरी, सर,” म्हणत सुधींद्रने मान डोलावली.

नव्या ‘ओ’ला त्यांनी पट्टी लावली. केसाचाही फरक नव्हता. कामगारांनी तो धरून पाचही अक्षरं बाहेरच्या भिंतीवर चढवली.

साडेतीनला गौरी आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग शेडमध्ये टेकवून ठेवलेल्या आपल्या ‘ओ’कडे. काय झालं ते तिला कळलं, पण ती चिडली नाही.

“बाबा, जरा गेटपाशी या ना.”

गेटपासून त्यांनी वळून पाहिलं. ‘ओ’ बारका दिसत होता, अंग चोरून उभा राहिल्यासारखा. दामोदरांनी चष्मा पुसला. तरी बारकाच.

“मी मोजलाय गं.”

“मोजून बरोबरच आहे, बाबा. पण गोल आकार डोळ्याला लहान दिसतो. म्हणून थोडा वाढवायचा.”

कामगारांनी तो उतरवून तिचा ‘ओ’ चढवला, आणि पाचही अक्षरं एका उंचीची झाली. पट्टी अजून दामोदरांच्या हातात होती आणि पट्टीच्या हिशेबाने समोरचं सगळं चूक होतं. इतकी सुंदर चूक त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ज्या डोळ्यांवर चौतीस वर्षांत त्यांनी कधी भरवसा ठेवला नाही, त्या डोळ्यांचा कल बघत ही पोर दोन वर्षं बसली होती.

“किती वेळा काढलास गं हा ‘ओ’?”

“मोजलं नाही.”

बेकरीवाल्यांची गाडी रस्त्यावर वळली. गौरी पुढे गेली. दामोदर शेडमध्ये आले, सुधींद्रकडे लाल खडू मागितला, आणि भिंतीला टेकवलेल्या आपल्या बिनचूक ‘ओ’वर वाकून त्यांनी फुली मारली. मग जुन्या सवयीने खाली सहीही केली.