सातव्या दिवसाचं रक्त

पुनमने रेवणप्पांच्या डाव्या दंडावर रबरी पट्टा आवळला, बोटाने शीर चाचपली आणि सुई आत सरकवली. रेवणप्पांचे डोळे मिटलेले होते. नळी भरल्यावर तिने पट्टा सोडला, टोचल्या जागी कापूस दाबला आणि नळीवर तारीख घातली. लकवा मारल्याला आज सातवा दिवस. तिसरा आणि शेवटचा नमुना.

रेवणप्पा उदगीरचे. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत ताटांवर, घागरींवर नावं घालून घ्यायला आजूबाजूच्या गावांतली माणसं त्यांच्याकडेच यायची; त्यांचं अक्षर वळणदार होतं. ज्या हाताने ते नावं कोरत, तो उजवा हात आता चादरीवर नुसता पडून होता. बोलणंही गेलं होतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली होती आणि लातूरच्या या दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

इथल्या डॉक्टर वर्षाराणी अशा पेशंटच्या रक्ताचा अभ्यास करत होत्या. मेंदूच्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते किती उतरलं त्यावरून तीन महिन्यांनी माणूस कितपत उभा राहील हे आधी सांगता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. पुनम त्यांची टेक्निशियन. लोहा गावची मुलगी, दोन वर्षांपासून या कामावर. अजून काही सिद्ध झालेलं नाही, तेव्हा आकडे कुणाला सांगायचे नाहीत, असं मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पण माणसं विचारायची. रेवणप्पांचा मुलगा आनंदराज आठवडाभर बाहेरच्या बाकावर झोपत होता. आई गरम पाणी आणायला खाली गेलेली पाहून तो खाटेजवळ आला. त्याला पुढचं ठरवायचं होतं; दुकान कुणी बघायचं, आपण पुण्याची नोकरी सोडायची का. आई रोज सकाळी वडिलांच्या बोटांना तेल चोळत होती, तळव्यात रबरी चेंडू ठेवून दाबायला सांगत होती, आणि कालपासून अंगठा किंचित हलत होता. त्यात काही अर्थ आहे का, एवढंच त्याने विचारलं. दोन दिवसांपूर्वीच्या नमुन्याचा आकडा पुनमने पाहिलेला होता. तिला त्याची दया आली.

"आकडा लई वर गेलाय, दादा," ती म्हणाली. "एवढा आकडा असलेल्यांत कुणाचा हात परत आलेला मी तरी बघितला न्हाई."

आनंदराजने मान हलवली आणि तो बाहेर निघून गेला. पुनमने नळ्यांचा डबा उचलला.

तीन महिन्यांनी रेवणप्पांना तपासणीसाठी बोलावलं होतं. ते आले नाहीत, फोनही कुणी उचलला नाही, म्हणून पुनमच फॉर्म घेऊन एस.टी.ने उदगीरला गेली. दुकानाचं शटर खाली होतं. रेवणप्पांच्या बायकोने, शरणम्मांनी, तिला मागच्या दाराने घरात घेतलं.

रेवणप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. कपाळावर विभूती, अंगात स्वच्छ सदरा. उजवा हात कोपरात वळून छातीशी आखडला होता. धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं, शब्द एकही फुटत नव्हता. पुनमने फॉर्मवर चार लिहिलं. त्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे ठणठणीत आणि सहा म्हणजे मृत्यू.

व्यायाम करून घ्यायला एक माणूस बारा दिवस घरी येत होता, असं शरणम्मा सांगत होत्या. तो आला की हे डोळे मिटून घ्यायचे. शेवटी तोच यायचा थांबला. आनंदराज पुण्याला परत गेला होता. बोलता बोलता त्या थांबल्या.

"एक इचारू का, बाई? तुम्ही तिसऱ्या बारीला रक्त नेलं ना, त्या दिवसापासून ह्यांनी बोट हलवलं न्हाई. चेंडू हातात दिला की सोडून द्यायचे. लई रक्त गेलं का वं त्यांचं?"

दर वेळी चमचाभरच घेतलं होतं, त्याने काही होत नाही, असं पुनम म्हणाली. मग तिने खिडकीकडे पाहिलं. रेवणप्पा तिच्याकडेच बघत होते. दाखल झाले त्या दिवसाच्या कागदावर 'बोलता येत नाही, पण सगळं समजतं' असं लिहिलेलं होतं. ती ओळ तिनेच आपल्या वहीत उतरवून घेतली होती.

रेवणप्पांनी डावा हात उचलून बायकोकडे पाहत हलवला. तसं काही नाही, असा. मग बोटाने चुलीकडची बाजू दाखवली. शरणम्मा चहा ठेवायला उठल्या.

पुनम स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"काका, त्या दिवशी तुम्ही जागे होता."

रेवणप्पांनी एकदा डोळे मिटले, उघडले आणि मान खिडकीबाहेर वळवली. चहा येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फॉर्म पाहिला आणि रक्ताच्या आकड्याशी ताडला. हाही अंदाज बरोबर निघाला होता. पुढच्या महिन्यात निष्कर्ष लिहायला घेऊ, असं त्या म्हणाल्या.

"ह्यांना यादीतून काढा, मॅडम," पुनम म्हणाली आणि तिने सातव्या दिवशीचं सगळं सांगितलं. "अंदाज आकड्यानं खरा ठरला का माझ्या बोलण्यानं, कोण सांगणार?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणखी किती जणांपुढे बोललीस?"

पुनमने यादी पुढे ओढली. मुदखेडच्या रेल्वे गँगमनची बायको खाटेच्या पायथ्याशी उभी राहून विचारत होती. किल्लारीच्या म्हातारीच्या दोन्ही मुली उशाशी होत्या. आकडा कमी आला की ती आपणहून सांगायची, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून; त्यांतले कितीतरी जण तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी चालत आले होते, पेढे घेऊन. तिने पेन्सिल घेतली आणि एकेका नावापुढे खूण करू लागली.

ती दुसऱ्या पानावर आली तेव्हा मॅडमनी उठून दार लावून घेतलं.