खोक्याचा हेवा करणारी गिटार

मित्रांनो, मी पेरू देशात घडवलेली एक जुनी गिटार आहे. आधीच कबूल करते, माझा स्वभाव चांगला नाही. मला हेवा वाटतो, तोही एका खोक्याचा.

माझे मालक फेर्मीनकाका अमेरिकेतल्या पॅटरसनला आले, तेव्हा त्यांनी कपडे सामानात टाकले आणि मला मांडीवर घेतले. आठवडाभर ते पावाच्या भट्टीवर राबत आणि रविवारी गुलाम म्हणून आफ्रिकेतून पेरूत आणलेल्या आपल्या काळ्या पूर्वजांची गाणी माझ्यावर वाजवत. वीस वर्षे त्यांना माझ्याशिवाय दुसरे काही सुचले नाही.

मग त्यांची पुतणी सोराइदा आली. केस कापण्याच्या दुकानात कामाला, आवाज खणखणीत. तिने काहोन आणला. काहोन म्हणजे लाकडी खोका. त्यावर बसायचे आणि पुढच्या फळीवर हातांनी वाजवायचे. ना तारा, ना खुंट्या. तरी लोक त्याच्याकडेच पाहत. एकदा काका म्हणाले, "तुझ्या खोक्यात आपलं गाव बोलतं गं." असे शब्द माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.

जुलैत चर्चमधला कार्मेन मातेचा सण आला. काकांची बोटे आखडू लागली होती. ती पुरती थांबण्याआधी त्यांना गाण्यांचा वर्ग सुरू करायचा होता. चर्चच्या मंडळाने सांगितले होते, सणाला वर्गासाठी दहा नावे आली तर दर शनिवारी खोली तुमची.

आमच्या संथ गाण्याची, लांदोची, एक रीत आहे. गिटारने जाड तारांवर हाक द्यायची, मग खोक्याने उत्तर. हाकेआधी खोका बोलत नाही. मी ठरवले, आज हाकच द्यायची नाही. मोठे कोण ते कळू दे सगळ्यांना.

काकांनी सुरुवात केली आणि मी खुंटी ढिली सोडली. तार लोळली.

"म्हाताऱ्याची तारही म्हातारी," सभागृहात मागून कोणी हसले. काकांची मान खाली गेली. मंडळाच्या बाई रेकॉर्ड लावायला उठल्या.

"बसा हो बाई," सोराइदा खोक्यावरूनच म्हणाली. "आमच्या आज्या टेबल बडवून नाचायच्या, त्यांना कुठं बटण लागायचं? काका, तुम्ही सावकाश तार लावा. मी आहे इथं."

आणि माझी हाक तिने तोंडाने गायली. एकही सूर सुटला नाही. मग खोक्याने उत्तर दिले. इतकी वर्षे ती आणि तो खोका मला किती मन लावून ऐकत होते, ते मला तेव्हा कळले. लाज वाटली. काकांनी तार चढवली, तेव्हा मी खुंटी घट्ट धरून ठेवली.

अकरा नावे आली. नऊ खोक्यासाठी, दोन माझ्यासाठी. खोटे कशाला सांगू, त्या नऊ जणांचा मला अजून राग येतो.

आता काकांची बोटे वळत नाहीत. ते खुर्चीत बसून चुका सांगतात. माझ्या वाट्याच्या दोघांपैकी एक, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बेर्तीलाबाई, मला वाजवतात, बऱ्याचदा चुकीचे. हिवाळ्यात हीटरने माझे लाकूड तडकू नये म्हणून सोराइदा माझ्या पेटीत ओला स्पंज ठेवते.

मित्रांनो, घरात जुने वाद्य असेल तर त्याला शोभेसाठी भिंतीवर टांगू नका. तारा पुसा, लाकूड जपा, आणि चुकत चुकत का होईना, वाजवा. त्याच्या शेजारी दुसरे एखादे वाद्यही बसवा. जुने वाद्य कुरकुर करेल. तिकडे लक्ष देऊ नका.