पाचवा महिना

"कितवा?" असं विचारणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. काही जणी तोंडाने विचारतात, काही नुसत्या पोटाकडे बघून गालात हसतात. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभी असते, त्यामुळे दोन्ही प्रकार भरपूर भेटतात. "नाही हो, माझं पोट असंच आहे," म्हटलं की समोरची बाई ओशाळते, आणि मग तिचं ओशाळणंही मलाच सावरावं लागतं.

त्या आजींना मात्र मी "पाचवा" म्हणाले.

नव्या फ्रेमच्या काचेवर, डोळ्याच्या बरोबर मधोमध, पेनाने टिंब काढायचं असतं. त्यासाठी मी त्यांच्या चेहऱ्याशी वाकले होते. "आजी, सरळ माझ्या नाकाकडे बघा." आजी बघत होत्या पोटाकडे.

"कितवा गं?"

"पाचवा."

त्यांनी काउंटरवरून हात लांब करून माझ्या पोटावर तळवा टेकवला. "पाचव्याच्या मानानं मोठं आहे. जुळं असेल बघ."

माझं टिंब चुकलं. पुसून पुन्हा काढावं लागलं.

जुळंच होतं, पण ते काही वर्षांपूर्वी. उजवीकडची सारखी लाथा मारायची, म्हणून नवऱ्याने तिचं नाव ठेवलं भिंगरी. डावीकडची गप्प असायची, ती मौनी. कामावर जाताना तो दोन्हीकडे टिचकी मारून जायचा. "मौनीबाई, आज तरी काही बोला." शेवटी घाईघाईने मला पूर्ण भूल देऊन पोट फाडावं लागलं. रक्त फार गेलं, मी कितीतरी वेळ नळ्यांमध्ये पडून होते. नीट शुद्धीवर आले तेव्हा शेजारी एकच पाळणा होता. नवरा म्हणाला, "सगळं रीतसर केलं." सासूबाई म्हणाल्या, "आता मागचं उकरायचं नाही. हिच्याकडे बघ." मी हिच्याकडे बघितलं. भिंगरी आता शाळेत जायला लागली आहे. मौनीला मी पाहिलेलं नाही. तिचा फोटो नाही, टोपडं नाही, काही नाही. आहे ते हे पोट, दोघींनी मिळून ताणलेलं, जे परत जागेवर गेलंच नाही.

म्हणून असेल, पण "पाचवा" म्हटल्यावर मला दिवसभर बरं वाटत होतं. कोणीतरी आत आहे, असं निदान एका माणसाला तरी वाटतंय.

पुढे वर्षभराने त्याच आजी काच बदलायला आल्या. मला त्या दारातूनच दिसल्या, आणि माझं पोट होतं तसंच होतं. मी मागच्या खोलीत पळाले आणि काचा घासायच्या यंत्राशेजारी उभी राहिले. बाहेरून आवाज येत होता, "ती पोटुशी पोरगी कुठे गेली? सुटली का?" मालक म्हणाले, "कोण पोटुशी, आजी?"

दुसऱ्याच दिवशी मी ताईला फोन केला. म्हटलं, मला पोटाचं ऑपरेशन करायचंय.

छातीचं तर करायलाच हवं होतं. कॉलेजात असताना माझी एक बाजू भरली, दुसरी तशीच राहिली. ओढण्या गुंडाळून गुंडाळून मला पोक यायला लागला होता, तेव्हा ताईनेच मला डॉक्टरांकडे नेऊन इम्प्लांट बसवून आणले. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ चालले ते तेव्हा. आता त्यातलं डावं दगडासारखं झालं होतं. भिंगरी धावत येऊन बिलगली की कळ डोळ्यांत यायची. मी तिला बिलगू द्यायची, पण आधी जरा उजवीकडे वळायची. तिला वाटायचं, खेळच आहे. सोनोग्राफीत कळलं, आतलं आवरण फाटलंय.

"उत्तम!" ताई म्हणाली. "म्हणजे उत्तम नाही गं, पण एका भुलीत दोन्ही कामं. सेल लागलाय समज."

ताई मला ज्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांची एक पद्धत होती. ते म्हणायचे, आडवं झालं की शरीर खोटं बोलतं. म्हणून पेशंटला उभं करून त्याच्या अंगावर रेघा काढायच्या, त्या घेऊन घरी पाठवायचं, आणि तो आरशासमोर नीट विचार करून आला की मगच तारीख द्यायची. त्यांनी चिमटीत माझं पोट धरलं आणि जांभळ्या पेनाने एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत होडीसारखा आकार काढला. पेन अंगाजवळ येताच मी दचकले होते. माझ्या टिंबांना गिऱ्हाइकं दचकतात ती का, ते मला तेव्हा कळलं.

"हे सगळं जाईल. जुना टाकाही यातच निघून जाईल. मुलं किती?"

"एकच," ताईने माझ्याआधी सांगून टाकलं.

"एकाच बाळाने एवढं ताणलं? पैलवानच दिसतंय!"

डॉक्टर हसले, ताईही हसली. मग तिला आरशात माझा चेहरा दिसला आणि ती भिंतीवरचं घड्याळ बघायला लागली.

मी विचारलं, "हे कापल्यावर त्याचं काय करता?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "टाकून देतो. म्हणजे, रीतसर."

परतताना ताई बडबडत होती, की आता साडी कशी चापून बसेल, आता कोणाची विचारायची हिंमत होणार नाही. मी हूं हूं करत होते.

घरी कपडे बदलताना भिंगरी आत घुसली. कमरेवर हात ठेवून तिने रेघा बघितल्या.

"मी भिंतीवर काढलं की ओरडतेस. पोटावर चालतं?"

"डॉक्टरांनी काढलंय."

"मग त्यांना ओरड."

ती बाहेर खेळायला गेली, तेवढ्यात नवरा कामावरून आला. तो खिडक्यांच्या काचा बसवतो. रेघ ओढली की काच त्याच रेघेवर तुटते, हे त्याचं रोजचं काम. मी गाऊन वर करून त्याला दाखवलं. तो पाय न धुताच पलंगाच्या कडेवर बसला.

"हे सगळं?"

"हो."

"डावीकडचंपण?"

इतक्या वर्षांत त्याने डावीकडचा उल्लेख केला नव्हता. मी गाऊन खाली सोडला.

"तू तिला बघितलंस ना?" मी विचारलं.

"हातात घेतलं होतं."

"कशी होती?"

तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला, काचेने जागोजागी चिरलेल्या. "केस खूप होते. भिंगरीपेक्षा जास्त. कपाळावर आले होते. नर्सने बोटाने भांग पाडून दिला. हनुवटी तुझी. झोपल्यासारखी दिसत होती, म्हणून मी टिचकी मारून बघितली."

बाहेर भिंगरी कुणाशी तरी राज्य कोणावर म्हणून भांडत होती.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस. मला वाटलं तुला नको आहे." मग म्हणाला, "आणि मलापण... तुझ्या पोटावर हात टाकून झोपतो ना मी. डाव्या बाजूला. तुझ्या कधी लक्षात नाही आलं?"

आलं होतं. मला वाटायचं, सवय.

पेनाची शाई साबणाने जात नव्हती. त्यानेच तेलाचा बोळा घेतला आणि पुसायला लागला. उजवीकडून सुरुवात केली. डावीकडे आला तेव्हा हात इतका हळू झाला, की मला रडायला जागा मिळाली.

मी ताईला फोन करून सांगितलं, फक्त छातीचं. पोटाचं पुढे कधीतरी करेनही, आत्ता नाही.

"वेडी आहेस का? परत भूल घेणार? परत टाके?"

"घेईन."

तिने टाक्यांचा विषय सोडला. मग म्हणाली, "मी तिथे एकच म्हणाले ना. तोंडातून गेलं गं."

"माहीत आहे."

"मी तिच्यासाठी स्वेटर विणला होता," ती म्हणाली. "पिवळा. फेकवला नाही मला."

"घेऊन ये," मी म्हटलं.

आजी काच बदललेला चष्मा न्यायला आल्या तेव्हा मी काउंटरवरच होते. मालक चष्मा द्यायला पुढे झाले, तर मी म्हटलं, मी देते. आजींनी माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे, मग परत माझ्याकडे. चेहऱ्यावर सगळा हिशेब चुकलेला.

"अगं, तू तर..."

"आजी, तेव्हा मी खोटं बोलले. पाचवा नव्हता." मी चष्म्याच्या काड्या उघडल्या. "त्याच्या आधीच मला जुळ्या मुली झाल्या होत्या. एक शाळेत जाते. दुसरी जन्मताच गेली. तिला केस खूप होते."

बाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. मी चष्मा आजींच्या कानांवर चढवला, आणि त्यांचे डोळे भरून आल्यामुळे तो नाकावरून घसरायला लागला. तो काढून घेतला, पुसला, कानामागची काडी जरा गरम करून वाकवली, आणि परत बसवला.

"आता घसरतोय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग पूर्वीसारखाच काउंटरवरून हात लांब केला, पण पोटाच्या अलीकडेच थांबवला आणि विचारलं, "ठेवू?"

मी पुढे होऊन काउंटरला टेकून उभी राहिले.