चिकटपट्टीवरचे ठिपके

ग्वेनिथने चिकटपट्टीचा तुकडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. पट्टीवर मिरपूड सांडावी तसे ठिपके होते. पकडले तेव्हा ते चालत होते, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. मग झोप लागते का, घरात एकटं वाटतं का, असं विचारायला लागले.

ग्वेनिथ ट्रूस्कॉट त्रेसष्ट वर्षांची. ग्राफ्टन गावच्या वृद्धाश्रमात ती एकोणीस वर्षं कपडे धुण्याच्या कामावर होती. तिची थोरली बहीण मर्ल त्याच आश्रमात, अकरा नंबरच्या खोलीत असायची. पक्षाघाताने मर्लची वाचा गेली होती. काम संपलं की ग्वेनिथ तिला चमच्याने चहा पाजायची, गावातल्या बातम्या सांगायची. मर्ल डोळ्यांनी हसायची.

ऑक्टोबरात ग्वेनिथच्या मनगटांवर आणि कमरेवर लाल पुरळ उठलं. आश्रमाची व्यवस्थापिका रोवेना हिने ते पाहिलं आणि खरूज म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. बरी झाल्याचं डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत कामावर यायचं नाही आणि बहिणीलाही भेटायचं नाही. ग्वेनिथने खरजेचं मलम तीनदा गळ्यापासून तळपायापर्यंत चोपडलं. खाज तसूभरही कमी झाली नाही. चौथ्या खेपेला ती पट्टी घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी मनाच्या आजारावरच्या गोळ्या लिहून दिल्या.

लेकीचा, केरिनचा, फोन आला.

"आई, घे ना त्या गोळ्या. किडे तुला एकटीलाच कसे दिसतात?"

"भिंग लावलं तर तुलाही दिसतील. तू ये तरी."

केरिन आली नाही. घरात लहान मूल आहे, म्हणाली.

नोव्हेंबरात मर्लने खाणंपिणं सोडलं. ग्वेनिथने फोन करून विचारलं, आत येत नाही, नुसती खिडकीबाहेर उभी राहू का. रोवेनाने नियम वाचून दाखवला. चौथ्या दिवशी मर्ल गेली.

अंत्यविधीला ग्वेनिथ पहिल्या बाकावर बसली. तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहिल्या. केरिन मुलाला घेऊन पार मागे बसली होती. सगळं आटोपल्यावर पलीकडच्या गल्लीतला क्लाईव्ह पुढे आला. त्याने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या होत्या. सांत्वनासाठी त्याने तिचे हात हातात घेतले आणि मनगटं उलटी करून पाहिली.

"छपरात पाखरं आहेत का गं तुझ्या?"

"साळुंक्या होत्या, न्हाणीघराच्या वर. पिल्लं उडून गेली."

"पिल्लं उडाली आणि त्यांच्या अंगावरचे किडे उपाशी राहून खाली उतरले. माणसावर ते घर करत नाहीत, नुसते चावतात. मलमाने काय होणार?"

ग्वेनिथने ओळखीच्या माणसांपुढे प्रथमच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी क्लाईव्ह तोंडाला फडकं बांधून शिडीवर चढला. घरटं पिशवीत बांधून खाली आणलं आणि फटीला जाळी ठोकली. घरट्यातल्या काड्यांवर ठिपके वळवळत होते. ग्वेनिथने अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुतलं, रोज घरभर यंत्राने धूळ ओढली. क्लाईव्हने बाटलीत घातलेले किडे डॉक्टरांनी या वेळी भिंगाखाली पाहिले. खाजेच्या गोळ्या दिल्या आणि पत्र लिहून दिलं. तिसऱ्या आठवड्यात नवा चावा उठला नाही.

ग्वेनिथ मर्लच्या वस्तू आणायला आश्रमात गेली. अकरा नंबरच्या दारावर कुणा पुरुषाचं नाव लागलं होतं. रोवेनाने पत्र वाचलं.

"हे आधी कळलं असतं तर..."

"मी सांगत होते," ग्वेनिथ म्हणाली.

रोवेनाने पत्राची घडी घातली. मग सोमवारपासून कामावर या म्हणाली, आणि तिने हात मिळवायला पुढे केला.

ग्वेनिथने मर्लच्या कपड्यांचं खोकं छातीशी धरलं होतं. खाली ठेवायला शेजारीच टेबल होतं. तिने ते ठेवलं नाही.