आधी मत, मग बातमी

मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसायची सवय नाही. काम नसलं तरी माझं एखादं बटण उगाचच खाली-वर होत असतं. मला पाहून तुम्ही म्हणाल, काय हे ध्यान! माझ्यावरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत. एका कोपऱ्याला चहाचा डाग आहे. पान पुन्हा ताजं करायचं बटण तर इतकं झिजलंय की त्यावर काय छापलं होतं ते मलाही सांगता येणार नाही. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. या आवाजापायी मी दुकानात किती ताटकळलो आणि शेवटी त्यानेच मला कसं वाचवलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर माझी बटणं एकेक करून बसवली गेली, प्रत्येकाखाली एक बारीक स्प्रिंग. शेवटी तपासणीच्या बाईंनी माझ्यावर दहाही बोटं फिरवली आणि शेजारणीला म्हणाल्या, याचा घसा भलताच मोठा आहे. मला ते कौतुकच वाटलं. पुढे दुकानात गेल्यावर कळलं की लोकांना घसा नको असतो. मऊ आवाजाचे, चपटे, चकचकीत कीबोर्ड पटापट विकले जात आणि मी फळीवर ताटकळत राही. स्वभाव पहिल्यापासून उतावळा. दाराची घंटी वाजली की वाटायचं, आला, आपला माणूस आला.

शेवटी मला नेलं ते लिफ्टचे आराखडे काढणाऱ्या एका माणसाने. नव्या इमारतीत लिफ्ट कुठून जाईल, खाली खड्डा किती खोल लागेल, वर दोर कुठे अडकवायचे, हे सगळं तो घरी बसून लॅपटॉपवर आखायचा. मी त्याला मालक म्हणतो. त्याची बायको बालवाडीत शिकवायची, ती माझी मालकीणबाई. घर दोन खोल्यांचं. खिडकीशी टेबल, टेबलावर मी, आणि मालकाची पाठ कायम दाराकडे. ही पाठ जरा लक्षात ठेवा.

मला वाटलं होतं, आता आपण लिफ्ट उभ्या करणार. पण आराखडे निघत ते माऊसने. माझ्या वाट्याला आला तो कट्टा. हा कट्टा दगडाचा नव्हता, इंटरनेटवर भरणारा होता. सकाळ झाली की तिथे तंत्रज्ञानाची एखादी बातमी टांगली जायची. अमक्या कंपनीने नवा फोन काढला, तमकीने माणसं कमी केली, एकीने दुसरीला गिळलं. मग खाली लोक एकमेकांवर तुटून पडत. त्या कंपन्यांना यांचा पत्ताही नव्हता. पण एकीच्या फोनला कुणी नाव ठेवलं की दुसऱ्याच्या घरातलं सोयरं गेल्यासारखा कालवा व्हायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं. पीठ मळायचं काम माझ्याकडे होतं.

त्या कट्ट्याची एक रीत होती. बातमीखाली ज्याचं मत सगळ्यात आधी पडेल, ते दिवसभर सगळ्यांच्या वर झळकायचं. त्यामुळे बातमी वाचत बसणारा हमखास मागे पडे. आधी मत टाकायचं, मग सवड मिळाली तर बातमी, अशी तिथली चाल. मालक यात पटाईत होता. मथळा दिसायचा अवकाश, त्याची बोटं माझ्यावर कोसळायची. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना, तसं. तिथे तो 'तिरका' या नावाने लिहायचा. त्याचा पक्का वैरी होता 'शेपूट' नावाचा कुणीतरी. हा शेपूट बातमी पुरती वाचून यायचा, म्हणून नेहमी शेवटी यायचा आणि मालकाच्या चुका शांतपणे दाखवून निघून जायचा. मालकाचा मग नुसता तिळपापड. चहा थंड होई, आराखडा तसाच पडून राही, आणि उत्तर आलं का ते बघायला ते एकच बटण मालक परत परत दाबत राही. मलाही त्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू?

माझं कौतुकही झालं. मालकाने एकदा माझा फोटो कट्ट्यावर टाकला. लोक म्हणाले, असे दणकट कीबोर्ड हल्ली मिळत नाहीत. मी आठवडाभर फुगून होतो. मालकीणबाईने माझं कधी कौतुक केलं नाही आणि रागही केला नाही. पुढे कळलं, तिला मी फारसा ऐकूच येत नव्हतो.

तिचे कान हळूहळू मंद होत चालले होते. बालवाडीतली मुलं आधीच पुटपुटत बोलणारी. कुणाला शू लागलेली असायची, कुणाच्या पोटात दुखायचं, कुणाला आई हवी असायची, आणि तिला ते कळेपर्यंत मूल रडायला लागायचं. मुख्य बाईंनी तिला गोड शब्दांत सांगितलं की असंच चाललं तर तुम्हाला वर्गावर ठेवणं अवघड होईल. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र सुचवलं. त्या दिवशी ती दोन कंपन्यांची माहितीपत्रकं हातात घेऊन दारात उभी राहिली.

"यातलं कुठलं घेऊ?" तिने विचारलं.

मालक तेव्हा काय करत होता, ऐका. गाणी ऐकायच्या हेडफोनमध्ये कुठल्या कंपनीचा आवाज जास्त खरा, यावर तो कट्ट्यावर लांबलचक निबंध लिहीत होता. त्याने मान वळवली नाही.

"कुठलंही घे गं. सगळे चोर आहेत."

जगातल्या यच्चयावत कंपन्यांवर ज्याचं मत तयार, त्याने बायकोच्या कानासाठी एवढंच मत दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला फार राग आला, पण राग आला तरी मी वाजतो तेवढंच. ती माहितीपत्रकं घेऊन निघून गेली. मग डॉक्टरांना विचारून तिने आपलं आपणच एक यंत्र घेतलं. कुठला आवाज किती मोठा करायचा ही तिच्या कानांची मांडणी फोनवरून बदलता यायची आणि कंपनीकडे साठवलेली असायची.

ते घालून ती पहिल्यांदा घरी आली आणि दारातच थबकली. हा आवाज कसला, म्हणून इकडेतिकडे बघत टेबलापाशी आली, वाकून माझ्याकडे पाहिलं आणि खळखळून हसली. इतकी वर्षं घरात हे वाजतंय होय, म्हणाली. मित्रांनो, या घरात नव्या कानांनी तिने पहिल्यांदा ऐकला तो माझा आवाज. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बालवाडीतली मुलंही तिला नीट ऐकू यायला लागली, आणि मुख्य बाईंचं ते गोड बोलणं थांबलं.

पुढच्या वर्षी एका सकाळी कट्ट्यावर मथळा आला. एक मोठी कंपनी आपल्या कानाच्या यंत्रांची सेवा बंद करणार. मालकाची बोटं नेहमीसारखी आधी धावली. "ज्यांनी आपले कान कंपनीच्या दावणीला बांधले, त्यांनी आता बहिरंच राहावं. अक्कल दुरुस्त करायचं यंत्र अजून निघालेलं नाही." खडखड खडखड, आणि शेवटचा ठोका. मत पहिलं पडलं. लोक खूश झाले. दुपारपर्यंत ते वाक्य कट्ट्याबाहेर फोनाफोनांतून फिरायला लागलं. मालक खुर्चीत हलत होता आणि किती जणांनी वाहवा केली ते मोजत होता.

या मोठ्या कंपनीने मधल्या काळात एक लहान कंपनी विकत घेऊन तिचं नाव पुसलं होतं. मालकाला ही खरेदी तोंडपाठ होती, तिच्यावर त्याने वादही घातला होता. पण मालकीणबाईच्या कपाटात जे खोकं होतं, त्यावर त्या लहान कंपनीचं नाव होतं, आणि ते खोकं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी ती आली. बालवाडीतल्या सोबतच्या बाईंनी हसत हसत तिला फोनवर ते वाक्य दाखवलं होतं, खाली 'तिरका' असं नाव होतं. ते नाव कुणाचं हे तिला ठाऊक होतं, कारण मालकानेच तिला कधीतरी ऐटीत सांगितलं होतं. तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. सरळ टेबलाशी आली, दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि माझ्या बटणांवर ठेवली.

"हे त्याच कंपनीचं आहे," ती म्हणाली. "बहिरंच राहावं म्हणतोस ना? मग राहते."

ती आत गेली. मालक मागोमाग धावला. दारात उभा राहून तो खूप बोलला, अगं ऐक तर, मला माहीत नव्हतं, मी तुला म्हटलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात पाठ करून बसली होती. कान वर्षभरात आणखी मंद झाले होते, तिला त्यातलं काहीही ऐकू गेलं नाही.

तो परत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने पहिल्यांदा एक बातमी वाचायला घेतली. सेवा त्याच आठवड्याच्या अखेरीस बंद होणार होती. त्यानंतर मांडणी बदलता येणार नव्हती, आणि फोन बदलला किंवा यंत्र बिघडलं तर ते कायमचं मुकं होणार होतं. 'मुकं' या शब्दाशी त्याची नजर अडकली ती पुढे सरकेना. माझ्यावरची यंत्रं त्याने अलगद उचलून बाजूला ठेवली. त्याने कट्ट्यावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच उरलं: मी बातमी न वाचता मत दिलं. ते यंत्र माझ्या बायकोच्या कानात आहे. काय करता येईल?

पेरलं तेच उगवलं. एकामागून एक लोकांनी त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. अक्कल दुरुस्त करायचं यंत्र मिळालं का, असंही कुणी विचारलं. एरवी त्याने एकेकाला सोलून काढलं असतं. त्या वेळी माझं एकही बटण हललं नाही, आणि ती शांतता मला सोसवत नव्हती.

शेवटी, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून, शेपूट आला. त्याने लिहिलं की बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात उपाय दिलेला आहे. सेवा बंद व्हायच्या आत कानाच्या दवाखान्यात गेलात, तर मांडणी यंत्रातच कायमची बसवून देतात. आणि खाली एक ओळ होती, वाचत जा हो जरा. मालकाने खाली सरकून पाहिलं. सकाळपासून ते तिथेच होतं.

आता हे तिला सांगायचं कसं? तिच्या कानांत यंत्र नव्हतं आणि ती त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. मग मालकाने एक गोष्ट केली. त्याने माझी वायर काढली, मला एका काखेत आणि लॅपटॉप दुसऱ्या काखेत घेतला, यंत्रं खिशात टाकली आणि तो स्वयंपाकघरात गेला. मी ते टेबल पहिल्यांदाच सोडलं. शेंगा निवडायचं ताट बाजूला सारून त्याने मला तिच्यासमोर मांडलं, वायर पुन्हा जोडली आणि उभ्या उभ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"कुठलं घेऊ, असं तू दारातून विचारलं होतंस. मी वळून पाहिलं नाही. उत्तर द्यायचं राहून गेलं."

तिने वाचलं. मग तिने हात पुसले आणि मला आपल्याकडे ओढलं. इतक्या वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता. माझी अक्षरं पुसलेली, त्यामुळे एका बोटाने चाचपडत, चुकत, खोडत तिने लिहिलं:

"मग आता दे."

मालकाने लिहिलं, हेच यंत्र ठेवू, उद्या दवाखान्यात जाऊ, मी सोबत येतो. आणि मग खिशातून यंत्रं काढून तळहातावर तिच्यापुढे धरली. ती तिने लगेच घेतली नाहीत, पण घेतली.

दवाखान्यातलं काम झालं. मांडणी यंत्रात कायमची बसली. मात्र तिथल्या बाईंनी सांगितलं की कान आणखी उतरले तर हे यंत्र पुरणार नाही, नवं घ्यावं लागेल. त्यामुळे घरातली काळजी काही संपलेली नाही. हल्ली दोघं शेजारी बसून यंत्रांची माहिती वाचतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कट्टा सुटला असं मात्र समजू नका. जित्याची खोड ती. फक्त आता मालकाचं मतही शेवटी पडतं, शेपटाच्या आगेमागे, आणि कुणी त्याची फारशी दखल घेत नाही.

माझ्यावर मात्र मोठंच संकट आलं होतं. मालकाला माझ्या आवाजाची लाज वाटायला लागली. बायकोच्या कानांना त्रास नको म्हणून तो एक मऊ, बिनआवाजाचा कीबोर्ड घेऊन आला. खोकं पाहिलं आणि माझ्या स्प्रिंगा गारठल्या. मी बहुधा खणात जाणार होतो. पण मालकीणबाईने ते खोकं त्याच्या हातातून घेतलं आणि दाराशी नेऊन ठेवलं.

"परत करून टाक," ती म्हणाली. "याचा आवाज थांबला की मला कळतं, तू ऐकतोयस."

तेव्हापासून मित्रांनो, थांबणं हेसुद्धा माझं काम झालंय, आणि माझ्यासारख्या चुळबुळ्याला ते फार जड जातं. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याची धूळ पुसा, त्याच्याशेजारी चहा ठेवू नका, तावातावाने त्याला बडवू नका. आणि काही लिहिण्याआधी शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा. मला अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण बघा, आत्ताच दारातून तिने काहीतरी विचारलं. मी थांबतो.